मंदावलेला लॅपटॉप

लॅपटॉप मंदावला कीं मुलें नवा मागतात आणि पालक प्रसंगीं कर्ज काढून तो आणतात. हा खर्च पुष्कळदां टाळतां येण्याजोगा असतो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

यंत्र अडतांच बटण दाबून धरून तें बंद करूं नये. जतन न केलेलें लेखन त्यायोगें नष्ट होतें. थोडा वेळ थांबून, विंडोज असल्यास, कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबाव्या, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. मेमरी भरलेली दिसली, तर ब्राउझरचीं उघडीं ठेवलेलीं पानें आधीं मिटावीं. डिस्क १०० टक्क्यांवरच राहत असेल आणि आंत जुनी, फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागीं एसएसडी बसवावी. तींत हलणारा भागच नसल्यानें वेग विलक्षण वाढतो, आणि नव्या यंत्राच्या मानानें खर्च अल्प. गादीवर ठेवलेल्या यंत्राचे वारा घेण्याचे झरोके बुजतात; मग तापलेला प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपली गति आपणच कमी करतो. (यांत यंत्राचा दोष तो काय?)

हार्ड डिस्क खटखट वाजूं लागली असल्यास मात्र दुरुस्ती मागाहून. आपले निबंध व छायाचित्रें त्याच दिवशीं पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीं.