गोळीबरोबर दोन शब्दही हवेत

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९४१ सालापासून गावोगावचे कर्करुग्ण येत आहेत. केमोथेरपी घेतलेला रुग्ण त्या दिवशी अनेकदा ठीक असतो. तो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा लालबागच्या एखाद्या नातलगाच्या खोलीवर पोहोचतो, आणि मळमळीचा खरा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो. काही औषधांनंतर हा त्रास पाच दिवसही रेंगाळतो. अशा वेळी डॉक्टर जवळ नसतात. जवळ असते ते कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान.

उलटी सुरू झाल्यावर थांबविण्यापेक्षा ती येऊ न देणे सोपे, या तत्त्वावर हे उपचार उभे आहेत. म्हणूनच 'आज बरे वाटते' म्हणून गोळी वाचवून ठेवणारा रुग्ण स्वतःचे नुकसान करून घेतो. ऑनडॅनसेट्रॉनने बद्धकोष्ठ होऊ शकते, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते.

ओलान्झापीनचे उदाहरण अधिक बोलके आहे. हे औषध मुळात मानसिक विकारांवरचे. त्याची २.५ मिलिग्रॅमची मात्रा इतर औषधांसोबत दिली असता उलट्या रोखण्यात १० मिलिग्रॅमपेक्षा उणी पडत नाही आणि दिवसाची गुंगीही कमी येते, असे टाटा रुग्णालयातीलच अभ्यासाने दाखविले. तो २०२४ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. परंतु 'ही तर वेड्यांची गोळी' असे कोणाकडून कानी पडले, की रुग्ण ती बंद करतो. संशोधनाने मिळविलेले असे एका गैरसमजापायी वाया जाते. फार्मासिस्टचे एक वाक्य ते वाचवू शकते.

दुकानात गर्दी असते आणि फार्मासिस्ट हा डॉक्टर नव्हे, हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण उपचार बदलण्याची मागणी त्याच्याकडे कोणीच करीत नाही. गोळी कशासाठी, केव्हा आणि किती दिवस घ्यायची. पोटात पाणीही ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा ताप आला तर विलंब न लावता रुग्णालय गाठायचे. एवढेच त्याने रुग्णाच्या भाषेत सांगावे. रुग्णाला असे मार्गदर्शन करणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम आहे, असे २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिस नियमही मानतात. ते नियम कागदावरून काउंटरवर उतरले पाहिजेत.

पुडीत गोळ्या मोजून घालणे हा व्यापार झाला; त्या कशा घ्याव्यात हे समजावणे ही सेवा होय. परळ-दादरच्या औषधविक्रेत्यांनी तिचा आरंभ करावा. अन्नाचा घास पोटात ठरणे, हीच कर्करुग्णाच्या दृष्टीने लढण्याची पहिली ताकद असते.