एक प्रश्न जास्त विचारा

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेल्या बायाबापड्यांची गाऱ्हाणी एकदा कान देऊन ऐकावीत. ‘अंगाची आग होते’, ‘डोके भणभणते’, ‘हातापायांत जीव नाही’. यांतल्या काहींना रक्तक्षय असतो, काहींना मधुमेह. पण काहींचे दुखणे मनाचे असते. ‘मला उदास वाटते’ असे सांगायला आपल्याकडे सहसा कोणी दवाखान्यात जात नाही. उदासी कंबरदुखीचे रूप घेऊन रांगेत उभी राहते. मग ताकदीचे इंजेक्शन, लाल गोळ्या, आणि महिन्याने पुन्हा तीच बाई, तोच बाक.

फेफऱ्याची कथा याहून क्लेशकारक. फिट आली की नाकाशी कांदा नाहीतर चप्पल, दातखिळीत चमचा आणि मग देवऋषी. मुलगी असेल तर लग्न होईपर्यंत लपवाछपवी. वास्तविक हा मेंदूचा आजार. योग्य उपचार मिळाल्यास १०० पैकी ७० रुग्णांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेनोबार्बिटोनसारखी जुनी, स्वस्त गोळीही अनेकांना पुरते. त्यासाठी प्रत्येकाला शहरातला मेंदूतज्ज्ञ गाठावा लागत नाही.

हे शहाणपण नवे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली याच विचाराने सुरू झाला. कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात तो राबवून पाहिला गेला आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम आला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले की, नैराश्य आणि चिंतेसारखे नेहमी आढळणारे आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविनाच होते.

‘एवढ्या गर्दीत वेळ कुठला?’ असे डॉक्टर म्हणतील. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ‘झोप लागते का? कामात, माणसांत मन रमते का?’ एवढे विचारायला अर्धा मिनिट लागतो. ते परिचारिका किंवा आशाताईही विचारू शकतात. उत्तर नकारार्थी आले, तर ‘जगणे नकोसे वाटते का?’ हेही विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट कोंडलेले माणूस बोलते.

सरकारचे काम वेगळे. केंद्रातली गोळी संपता कामा नये. फेफऱ्याचे औषध एकदम तुटले तर फिट उसळून येतात. शिवाय रोजगार बुडवून, एसटीचे भाडे खर्चून आलेला रुग्ण रिकाम्या हाताने परतला, तर पुन्हा येईलच असे नाही.

आणि आपण? फिट आलेल्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे. ५ मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठावा. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे. घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

रक्तदाब मोजायला पट्टा लागतो. मन जोखायला आधी एक प्रश्न लागतो, आणि तो फुकट आहे.