१६७९ चा ठपका आजच्या संसारावर नको



पोप अकरावे इनोसंट यांच्या काळात, २ मार्च १६७९ रोजी, रोमच्या होली ऑफिसने ६५ विधानांवर ठपका ठेवला. त्यांतले नववे विधान असे : केवळ सुखासाठी पती-पत्नी एकत्र आले, तर त्यात कसलाही दोष नाही, क्षम्य पापाइतकाही नाही. असे म्हणणे चूक आहे, असा निर्णय झाला. साडेतीनशे वर्षे होत आली, तरी काही कडव्या मंडळींना तो पाठ आहे. मूल होण्याचे वय उलटलेल्या जोडप्यालाही त्याचा धाक घातला जातो आणि वर बजावले जाते की, चर्चने तो कधी मागे घेतलेला नाही.

मागे घेतलेला नाही, हे खरे. पण म्हणून तो आजच्या कॅथलिक संसाराला जसाच्या तसा लागू होतो, असे सांगणे हा चर्चच्याच शिकवणुकीचा विपर्यास आहे.

मुळात तो निर्णय कोणाविरुद्ध होता? पापनिवेदन ऐकताना प्रत्येक गोष्टीला पळवाट काढून देणाऱ्या त्या काळच्या पंडितांविरुद्ध. नोकराने मालकाच्या घरी चोरी करून कमी पगाराची भरपाई करावी, मनात एक ठेवून शपथेवर दुसरेच बोलावे, अशी विधाने त्याच यादीत आहेत. शिवाय त्या ६५ विधानांना सरसकट ‘पाखंड’ म्हटलेले नाही. ती ‘निदान’ निंद्य आणि आचरणात घातक आहेत, एवढाच शेरा आहे. धर्मशास्त्रात अशा शेऱ्यांचे वजन वेगवेगळे असते, आणि वजन न पाहता निर्णय दाखवणे म्हणजे अर्धाच कागद दाखवणे. नवव्या विधानाच्या अगदी वर आठवे आहे : केवळ चवीच्या सुखासाठी पोटभर खाणे-पिणे हे पाप नाही. तेही त्याच दिवशी, त्याच लेखणीने चूक ठरले. पण नाताळच्या जेवणावळीत दुसऱ्यांदा पान वाढून घेणाऱ्याला कोणी १६७९ ची आठवण करून देत नाही. ती करून दिली जाते फक्त नवरा-बायकोला. एका ठपक्याचा अर्थ समजुतीने लावायचा आणि त्याच्या शेजारच्याने लोकांच्या शयनगृहात शिरायचे, याला शास्त्राचा कोणता आधार आहे?

पुढे चर्च याच विषयावर स्पष्ट बोलले. २९ ऑक्टोबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी इटलीतल्या सुइणींपुढे भाषण केले. दांपत्यजीवनातले सुख निर्मात्यानेच योजलेले आहे आणि मर्यादा राखून ते मिळवण्यात, उपभोगण्यात पती-पत्नी काहीही वाईट करत नाहीत, असे त्यांनी सांगितले. हे पोप उदारमतवादी म्हणून मुळीच ओळखले जात नव्हते. त्यांचे हेच शब्द १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात घेतलेले आहेत.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत अपत्यप्राप्ती हा विवाहाचा प्रधान हेतू होता, परस्परसाहाय्य दुय्यम. १९४४ मध्ये होली ऑफिसने हा क्रम नाकारणाऱ्या मताला मनाई केली. त्यानंतर २१ वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने विवाहाचे वर्णन जीवनाची आणि प्रेमाची जिव्हाळ्याची भागीदारी असे केले आणि प्रधान-दुय्यम ही भाषा वापरलीच नाही. १९८३ च्या संहितेतला १०५५ वा नियम तर पती-पत्नींचे कल्याण आणि अपत्ये दोन्ही शेजारी मांडतो, आणि त्यात कल्याणाचा उल्लेख आधी येतो.

वसई-मुंबईच्या घरांना जवळचा प्रश्न मिश्रविवाहाचा. १९१७ च्या नियमानुसार मुले कॅथलिकच वाढवू, अशी हमी दोघांकडून घेतली जाई, तीही शक्यतो लेखी. इतर पंथाच्या पाळकापुढे लग्न लावणारा कॅथलिक बहिष्कृत होई. ही शिक्षा १९६६ मध्ये रद्द झाली. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम बदलला : वचन फक्त कॅथलिक जोडीदाराने द्यायचे, दुसऱ्याला त्याची कल्पना द्यायची. परवानगी आजही लागते, पण कित्येक घरांत भीती मात्र आजीच्या काळातलीच उरली आहे.

मग काहीच बंधनकारक नाही का? आहे. विवाह अतूट आहे, हे ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये सांगितले आणि आजची संहिताही तेच सांगते. घटस्फोटाच्या कायद्यातील २००१ च्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्ती दांपत्याला परस्परसंमतीने घटस्फोट मिळू लागला, तरी चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचे तर पहिला विवाह मुळातच अवैध होता, असा चर्चच्या न्यायासनाचा निर्णय लागतो. कृत्रिम संततिनियमनाला १९६८ च्या परिपत्रकाने केलेली मनाईही कायम आहे. त्याआधी याच प्रश्नावर पोपनी नेमलेल्या आयोगातल्या बहुमताचा कल बदलाकडे होता. त्या आयोगावर मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांचेही नाव होते. पोपनी बहुमत मानले नाही. त्यावर वाद घालता येतो, आणि घातला जावा. पण ही बंधने आजचे चर्च आजच्या भाषेत शिकवते म्हणून आहेत. जुन्या कागदावर ती कधी काळी लिहिली गेली, एवढ्याच कारणाने नाहीत.

विवाहपूर्व वर्ग घेणाऱ्या धर्मगुरूंना आणि प्रापंचिकांना कळकळीची विनंती आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’चे चौथे प्रकरण तरुण जोडप्यांसोबत बसून वाचा. आणि कोणी १६७९ चे नववे विधान पुढे केले, तर त्याच्याकडे आठवेही मागा आणि १९५१ चे भाषणही.