हट्टी कोण?

वसंतात टर्कीचा नर बोलावूनही आला नाही, की शिकारी त्याला हट्टी म्हणतात. मला हा शब्दच मान्य नाही. निसर्गाची रीत अशी, की नर पिसारा फुलवून ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण झाडाला टेकून मादीचा आवाज काढतो आणि उलट त्यानंच आपल्याकडे यावं म्हणतो. मग हट्टी कोण?

तरी त्याला वठणीवर आणायला नवनव्या शकला निघतात. सगळ्यात वाईट म्हणजे पिसाऱ्याचा पंखा तोंडापुढे धरून त्याच्या दिशेनं रांगत जाणं. दुसऱ्या शिकाऱ्याचे छर्रे त्याच पंख्यावर यायचे, ही भीती वेगळीच. आमच्या पेनसिल्व्हेनियात वसंतात मागावर जाऊन टर्की मारणं बेकायदा आहे, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणंही. तोंडातली रबराची पट्टी किंवा लाकडी पेटी, आणि आपला धीर. बस. (पुण्यातले माझे कॅमेरेवाले मित्र मला निर्दयी म्हणतात, आणि ऐन विणीत मोबाइलवर आवाज वाजवून नवरंगाला झुडपाबाहेर काढतात. इथं शिकाऱ्यालाही ते चालत नाही.)

गेल्या मेमध्ये एक नर ओढ्यापलीकडे तासभर ओरडत होता. मी तीनदा साद घातली आणि गप्प बसलो. मादी फार बोलली तर तो जागचा हलत नाही. ती येतेच आहे, असं त्याला वाटतं. हंगामाच्या सुरुवातीला दुपारी बाराला शिकार थांबवावी लागते. बाराला बंदूक रिकामी करून उठलो. तो अजून पलीकडेच होता.