रुळांची तपासणी होते, मग स्त्रियांची का नाही?

रुळाला आतून तडा गेला तर गाडी घसरेपर्यंत रेल्वे थांबत नाही. अल्ट्रासोनिक यंत्र फिरवून दोष आधीच शोधते. आमचा सवाल आहे : ही दूरदृष्टी स्त्री-कामगारांच्या आणि कामगारांच्या घरच्या स्त्रियांच्या बाबतीत कुठे जाते?

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिला, तरी कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. त्या अवधीत दोष सापडला तर तेवढा भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. कर्करोग झालाच, तर सुरुवातीला शस्त्रक्रिया आणि वाढल्यावर किरणोपचार व केमोथेरपी करतात. तरीही २०२२ साली या रोगाने देशात सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्याचा अंदाज आहे.

'एवढ्या बायका तपासणार कशा?' असे विचारणाऱ्या साहेबांनी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याकडे पाहावे. तिथे १९९९ पासून सव्वा लाखावर ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही चाचणी फक्त एकदा झालेल्या गटात आठ वर्षांतले मृत्यू तपासणी न झालेल्यांच्या जवळजवळ निम्मे होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून तपासणी केली; तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे अडचण शास्त्राची नाही, इच्छेची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींची ही तपासणी झाली होती.

भगिनींनो, पाळी गेल्यावर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही लक्षणे अंगावर काढू नका. पोट आठवडेच्या आठवडे फुगलेले राहणे, थोडे खाल्ले तरी भरणे हे अंडाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. त्याला खात्रीची चाळणी-चाचणी नाही. बंधूंनो, 'बायकांची भानगड' म्हणून तोंड फिरवू नका. हा तुमच्याच घरचा प्रश्न आहे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-कामगाराची व कामगाराच्या पत्नीची रेल्वे रुग्णालयात, सीजीएचएस दवाखान्यात एचपीव्ही चाचणी व्हावी. तपासणीच्या दिवसाची भरपगारी रजा मिळावी. ग्रामीण डाक सेविका व कंत्राटी सफाई कामगार भगिनींना वगळू नये. कामगारांच्या ९ ते १४ वयाच्या मुलींना लस मोफत मिळावी.

प्रत्येक शाखेने हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा. मागितल्याशिवाय आपल्याला आजवर काही मिळालेले नाही. हेही मिळणार नाही.