गांठीची कड आणि टेराहर्ट्झ किरण

रोगाची गांठ कापून काढणें हें एक काम. तिची कड निर्मळ निघाली कीं नाहीं हें ठरविणें हें दुसरें. लहान गांठ असतां सबंध स्तन न काढतां गांठ व तिच्या भोंवतालचा थोडा भाग काढून किरणोपचार केले, तरी स्त्रीच्या आयुष्यास उणेपणा येत नाहीं, असें इटली व अमेरिका येथील वीस वर्षांच्या अवलोकनानंतर २००२ सालीं सिद्ध झालें. परंतु काढलेल्या भागाची कड रोगमुक्त आहे कीं नाहीं, हें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून सांगण्यास कांहीं दिवस लागतात. तोंवर जखम शिवून झालेली असते. कडेस रोग आढळला कीं पुन्हा शस्त्र! इंग्लंडमध्यें सुमारें पांचांतील एका स्त्रीवर हा प्रसंग येतो, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिसून आलें.

हा दुसरा घाव टळावा म्हणून शास्त्रज्ञ टेराहर्ट्झ किरणांकडे वळले. मायक्रोवेव्ह लहरी व अवरक्त किरण यांच्या मधें त्यांचें स्थान. सेकंदास एक लक्ष कोटि कंपनें झालीं, म्हणजे एक टेराहर्ट्झ. क्ष-किरणांप्रमाणें ते अणूंची मोडतोड करीत नाहींत. पाणी मात्र त्यांना चटकन् शोषून घेतें. चरबींत पाणी थोडें, रोगट भागांत अधिक. या भेदावरून चित्र उमटतें. २००६ सालीं केंब्रिज येथील संशोधकांनीं २२ स्त्रियांच्या शरीरांतून काढलेल्या भागांचीं अशीं चित्रें घेतलीं, आणि तीं सूक्ष्मदर्शकाच्या निर्णयाशीं बरींच जुळलीं.

मग हें यंत्र प्रत्येक रुग्णालयांत कां नाहीं, असें आमचे विद्यार्थी विचारतील. त्याच पाण्यामुळें हे किरण ओल्या मांसांत मिलिमीटरभरही शिरत नाहींत. म्हणून कापून काढलेला तुकडाच त्यांच्यापुढें ठेवावा लागतो. शिवाय चरबी आणि कर्करोग यांतील भेद स्पष्ट दिसला, तरी निरोगी तंतुमय भाग व रोगट भाग ताजे असतां पुष्कळदां सारखेच भासतात. अमेरिकेंतील आर्कान्सा विद्यापीठाच्या संशोधकांनीं ही अडचण आपल्या लेखांतून उघडपणें मांडली आहे. अखेरचा निवाडा अद्यापि सूक्ष्मदर्शकाचाच आहे.

आमच्या मतें ही उघड कबुली हीच या संशोधनांतील सर्वांत मोलाची गोष्ट होय. यंत्राची कीर्ति गाणारे पुष्कळ मिळतात. परंतु "कड स्वच्छ आहे" असा खोटा निर्वाळा ऐकून एखादी माता घरीं गेली, तर त्या चुकीची किंमत तिलाच द्यावी लागेल. विद्यार्थ्यांनीं कोणत्याही नव्या शोधाविषयीं वाचतांना तो काय करूं शकत नाहीं, हेंही अवश्य विचारावें.

पालकांस एक विनंति. लाजेपोटीं पदराआड लपविलेल्या गांठीपर्यंत कोणताच किरण पोहोंचत नाहीं. घरांतील कोणा स्त्रीनें असें कांहीं सांगितलें, तर तिला गप्प न बसवितां विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें. यास नव्या यंत्राची वाट पाहण्याचें कारण नाहीं.