फुलांचे तेल आणि मोहाचे बी

रायपूरच्या झगमगत्या दुकानांतून आता चेहऱ्याला लावावयाच्या ‘फुलांच्या तेला’च्या चिमुकल्या बाटल्या मांडलेल्या दिसतात. तीस मिलिलिटरला हजार-दोन हजार रुपये. विक्रेती गिऱ्हाईक बाईच्या मनगटावर एक थेंब चोळते, गुलाब-मोगऱ्याचा दरवळ सुटतो, त्वचा मऊ लागते आणि सौदा होतो. ही मऊ त्वचा कशाने झाली, हे मात्र त्या परीक्षेत कोणी विचारीत नाही.

फुलाने तर ती खासच होत नाही. एक किलो गुलाबतेलासाठी सुमारे तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. तेव्हा बाटलीत फुलाचा अर्क असलाच, तर थेंबांच्या हिशेबात. बाकी बहुतेक सारे कोणत्या ना कोणत्या बियांचे तेल. काम बी करते, दाम फुलाच्या नावाने वसूल होतो.

असे बी रायपूरला परके नाही. बस्तर-कांकेरच्या रानात चैत्राच्या पहाटे मोहफुले वेचणाऱ्या आदिवासी स्त्रियाच पुढे पावसाच्या तोंडाशी मोहाच्या बिया गोळा करतात. छत्तीसगढीत त्यांना टोरा म्हणतात. फूल गळते तरी फळ झाडावरच धरते. म्हणून एकच झाड दोन हंगाम देते. बी फोडायचे, वाळवायचे, घाण्यावर न्यायचे. थंडीत थिजणारे हे तेल आदिवासी घरांत स्वयंपाकाला, दिव्याला, केसांना आणि भेगाळलेल्या अंगाला पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. साबणाच्या कारखान्यांनीही ते घेतले. युरोपच्या प्रसाधन-बाजारात तेच ‘मोव्हरा बटर’ म्हणून विकले जाते. नावातला मोह तेवढा ओळखू येतो!

मोहाच्या बियांची आधारभूत किंमत २०२० साली किलोला २५ रुपयांवरून २९ रुपये झाली. चार किलो बियांतून लिटरभर तेल निघते असे धरले, तर तीस मिलिलिटरच्या बाटलीतील बियांचे मोल साडेतीन रुपयांच्या आसपास भरते. शुद्धीकरण, बाटली, वाहतूक यांचा खर्च खरा आहे, तो कोणी नाकारीत नाही. परंतु साडेतीन रुपये आणि हजार रुपये यांमधील दरी त्या खर्चाने भरून निघत नाही. ती जाहिरातीने आणि नफ्याने भरते. शिवाय बाईला आपल्याच चेहऱ्याची लाज वाटावयास लावणे, हाही त्या जाहिरातीच्याच कामाचा भाग.

२००६ च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजाची मालकी वनवासीयांना दिली. पण मालकी कच्च्या बियांपाशी थांबली, तर पुढचे सारे मोल घाणा ज्याचा त्याच्या पदरात पडते. राज्याच्या लघुवनोपज संघाने बचतगटांतील स्त्रियांकडून माल तयार करवून ‘छत्तीसगढ हर्बल्स’ या नावाने विकावयास आरंभ केला, ही दिशा योग्यच. घाणा, गाळणी आणि बाटली भरण्याचे यंत्र मात्र त्या गटांच्याच मालकीचे, आणि बी वेचले जाते त्याच तालुक्यात हवे. आणि बाटलीवर फुलाचे चित्र काढणाऱ्यांना आतले बी कोणत्या जिल्ह्याचे व वेचणारीला किलोमागे काय मिळाले, या दोन ओळी छापावयास फारशी शाई लागणार नाही.